माझ्या पोटातलं नासकं सूप

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या पोटात कुणीतरी एक ओंगळ गोष्ट भरून ठेवली आहे. ती पचत नाही आणि ओकूनही टाकता येत नाही. उलट जो भेटतो तो म्हणतो, "पुन्हा एकदा दाखव ना." आली ना शिसारी? पस्तीस वर्षे मी अशीच जगले आहे. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे.

एका दूरच्या कारखान्यात लांबलचक तपकिरी फीत दोन चाकांवर गुंडाळून मला काळ्या डबीत बंद केले गेले. आमच्या कुमासी शहराच्या बाजारातून अराबाबाईंनी मला घरी आणले. सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर 'सेरे काक्रा', म्हणजे 'थोडं हसा', नावाचा छोट्या विनोदी नाटुकल्यांचा कार्यक्रम लागे. तो त्यांनी माझ्यावर उतरवून घेतला. मुले माझ्यावर फुटबॉलचे सामने उतरवतील या भीतीने त्यांनी माझ्या पाठीवर लिहिले : 'नाना बेडियाको यांचा अंत्यविधी'. अंत्यविधीची कॅसेट पुसायला आमच्याकडे कुणाचाही हात धजत नाही. टीव्ही केंद्राने स्वतःच्या फिती केव्हाच पुसून टाकल्या. खोट्या नावाखाली मी तेवढी उरले.

सुरुवातीला मला फार अभिमान होता. शेजारीपाजारी जमत, बाके आणत, पोट धरून हसत. पण ज्या नाटुकल्याला ते सर्वांत जास्त हसत, ते दाखवताना माझी चाके जड होत. त्यात अत्ता पोकू नावाचा तरुण नट हावरट पाहुणा झाला होता. नेमका जेवणाच्या वेळी तो येतो आणि समोर आलेला फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा कुटलेला गोळा, अन् पामच्या फळांचे सूप ओरपू लागतो. पहिल्याच घासाला त्याचा चेहरा बदलतो. चित्रण पाहायला जमलेल्या प्रेक्षकांत पुढच्या रांगेत गावचे थोर बसलेले, आणि त्यांच्यादेखत वाढलेले अन्न थुंकणे म्हणजे केवढा अपमान. म्हणून तो सगळे गिळतो, आणि मग भडाभडा ओकतो. लोक हसून लोळतात. शेवटी पडद्यामागून एक हलका आवाज येतो, "तीन दिवसांचं होतं. अळ्या दिसल्या नाहीत का तुला?"

हसण्याच्या गोंगाटात तो आवाज कुणी ऐकला नाही. मी ऐकला. तो माझ्या पोटातच आहे.

पुढे कॅसेट लावायचे यंत्र बिघडले आणि मी पत्र्याच्या पेटीत गेले. झुरळांनी माझ्यात अंडी घातली. फितीवर पांढरी बुरशी चढली. खरे सांगते, त्या बुरशीची मला तेवढी किळस आली नाही, जेवढी त्या हसण्याची येई.

एके दिवशी पेटी उघडली. अराबाबाईंचा मुलगा फिफी आणि त्याचा मित्र बाफोर जुन्या विनोदी कार्यक्रमांवर पॉडकास्ट करत. त्यांनी कापसाने माझी बुरशी पुसली, कुठूनसे जुने यंत्र आणले आणि कानाला हेडफोन लावून मला ऐकले. मला वाटले, आता तरी कुणाला लाज वाटेल.

"ऐकलंस का?" बाफोर म्हणाला. "सूप खरंच नासकं होतं. लोकांना इतकी वर्षं वाटत होतं, अभिनय केला बेट्यानं."

"तो आवाज कापू या का?" फिफीने विचारले.

"कापतोस कसला? हेच तर सोनं आहे. ओकऱ्या पोकूला बोलावू. त्याच्यासमोर सूप ठेवू, कॅसेट लावू, आणि त्याचं तोंड कसं होतं ते श्रोत्यांना सांगू."

"म्हातारा माणूस आहे रे तो."

"मग ताजं ठेवू. झालं समाधान?"

फिफीची दहा वर्षांची भाची अदोमा यंत्राजवळ बसली होती. मला यंत्रात घालायचे काम तिचे. तिने विचारले, "मामा, त्यांना रस्त्यात सगळे ओकऱ्या म्हणतात, ते याच्यामुळे?"

"लाडानं म्हणतात गं," फिफी म्हणाला.

"त्यांना आवडतं का पण?"

"मोठी झालीस की कळेल," बाफोर म्हणाला.

मित्रांनो, मोठे झाल्यावर असले काही कळत नसते, उलट विसरायला होते. जुन्या वस्तू जपा असे मी सांगेन, अशी तुमची अपेक्षा असेल. जरूर जपा. पण जपलेल्या हसण्यात कुणाचे रडणे दाबले आहे का, तेही कान देऊन ऐका.

शनिवारी दुपारी अत्ता पोकू आले. इस्त्रीचा सदरा, झिजलेल्या चपला. ते खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच बाफोरने माईक सुरू केला. "श्रोतेहो, आपल्यासमोर साक्षात ओकऱ्या पोकू!"

म्हातारा हसला. पस्तीस वर्षांच्या सवयीचे ते हसू होते. मग फिफीने त्यांच्यापुढे वाडगा ठेवला. पामच्या फळांच्या सुपाचा वास खोलीभर पसरला आणि त्यांचे हसू विरले.

"बाळांनो, हे नको," ते हळूच म्हणाले. "मी हे सूप खात नाही."

"का बरं, आजोबा?" बाफोर हसू दाबत म्हणाला. "सांगा की श्रोत्यांना." आणि त्याने अदोमाला खूण केली, लाव.

मी यंत्राच्या तोंडात अर्धी आत, अर्धी बाहेर होते. माझ्या मनात एकच होते : या माणसाला पुन्हा हे ऐकवायला मला लावू नका.

अदोमाने मला बाहेर ओढले आणि टेबलावर ठेवले.

"अगं, काय करतेस?" फिफी कुजबुजला. "माईक चालू आहे."

"असू दे चालू," ती म्हणाली.

तिने वाडगा उचलला आणि आत नेला. परत आली ती पाण्याचा पेला घेऊन. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, आणि तो प्यायल्यावर घरातले थोर माणूस आधी घरचे कुशल सांगते आणि मग त्याला येण्याचे कारण विचारते. त्या दोघा थोरांना घाईत यातले काहीच सुचले नव्हते. अदोमाने उजव्या हाताने पेला पुढे केला. अत्ता पोकू सावकाश प्यायले. मग तिने बाफोरसमोरचा माईक त्यांच्याकडे सरकवला, त्यांच्यासमोर ताठ बसली आणि घरातल्या थोर माणसासारखे विचारले,

"आजोबा, आमच्याकडे सगळं कुशल आहे. प्रवास तुमचा झालाय. तुम्ही सांगा."