जिनेट एका मताने पडली

अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाने बुजगावणं उभं केलं तरी ते निवडून येतं. कॉर्बिन मिल्स गावात तर रिपब्लिकन म्हणवणारी सगळी मंडळी एका बाकावर मावतील. अपवाद फक्त गव्हर्नरचा. मर्ल स्टॅनार्ड हा रिपब्लिकन गडी दर दोन वर्षांनी उभा राहतो आणि त्याच डेमोक्रॅटिक मतदारांच्या जिवावर आरामात निवडून येतो. भाषण दोन मिनिटांचं, पिकअप स्वतःची, जाकीट बाराही महिने तेच. यंदा स्टॅनार्डचं काय होणार, असं कुणी गावच्या दुकानात विचारलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यातच काढलं असतं.

तरी उमेदवार तर द्यावाच लागतो. लुसील गॅन्यों गेली बावीस वर्षं डेमोक्रॅटिक पक्षाची गावातली अध्यक्ष. दर खेपेला वरून फोन यायचा, कुणीतरी शोधा. लुसील म्हणायची, बळी द्यायला बकरा लागतो, तो काय माझ्या परसात बांधलाय? यंदा एक दंतवैद्य हो म्हणून पळाला, एक वकील बायकोचं नाव पुढे करून सुटला. आणि मग एके सकाळी लुसीलची धाकटी, विधवा बहीण जिनेट शांतपणे म्हणाली, "मी राहते उभी."

लुसीलने कॉफीचा कप खाली ठेवला.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? तो तुला भुईसपाट करेल."

"करू दे. राज्यात मी आपटणार हे मला कळतं, मी काही दूधखुळी नाही. पण आपलं गाव मला हवंय, लुसील. पस्तीस वर्षं ह्यांना शाळेत शिकवलं, ह्यांची नाकं पुसली. माझा रे गेल्यापासून मी त्या घरात नुसती भिंतीकडे बघत बसलेय. एवढं एक गाव मिळवून दे मला, बाकी काही नको."

आता लुसीलची अडचण अशी, की गेल्या तिन्ही निवडणुकांत तिने स्वतः स्टॅनार्डलाच मत दिलं होतं. पक्षाची अध्यक्ष, दारावर पक्षाची पाटी, आणि मतदानाच्या आडोशात शिरली की बाई गुपचूप पलीकडे. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, पण गाव ते गावच, कुजबूज होतीच.

बहिणीसाठी ती घरोघरी फिरली. लोक दारात हसून स्वागत करत, गरम डोनट हातात देत, आणि म्हणत, "जिनेट ना, फार चांगली आहे हो." व्हर्मांटमध्ये उमेदवाराला नुसतं चांगलं म्हटलं की समजायचं, मत गेलं. लुसील डोनट खाऊन खाऊन फुगली, पण तिने पिच्छा सोडला नाही. एका म्हातारीला तर तिने सरळ सुनावलं, "चांगली आहे म्हणतेस, मग मत काय तिच्या श्राद्धाला देणार आहेस?"

मतदानाच्या दिवशी लुसील आडोशात गेली आणि पेन हातात धरून पाच मिनिटं उभीच राहिली. हात सवयीने स्टॅनार्डच्या नावाकडे जात होता. बाहेर कुणीतरी खाकरलं. "मर्ल, माफ कर बाबा," असं पुटपुटत तिने जिनेटच्या नावापुढचा गोल नीट काळा केला. बाहेर आली तेव्हा तिला दाढ उपटून घेतल्यासारखं वाटत होतं.

सात वाजता दारं बंद झाली. कॉर्बिन मिल्समध्ये मतं अजून हातानेच मोजतात. जोडी असते, प्रत्येक पक्षाचं एक माणूस, एकाने वाचायचं, दुसऱ्याने रेघा मारायच्या. त्याआधी शपथ घ्यायची, मतपत्रिकेवर जे दिसेल ते बाहेर बोलणार नाही. बहीण उमेदवार असली तरी लुसील टेबलाशी बसलीच, कारण बावीस वर्षं तीच बसत आली होती आणि बसू नये असं कुणाला सुचलंही नाही. तिच्या जोडीला एल्विन टट्ल, गायीवाला, पन्नाशीचा रिपब्लिकन.

"स्टॅनार्ड," एल्विन वाचायचा. "जिनेट. जिनेट. स्टॅनार्ड." त्याला आपल्या जुन्या बाईंना नुसत्या आडनावाने पुकारवत नव्हतं.

शेवटच्या गठ्ठ्यात तो एका पत्रिकेवर थांबला. लुसीलने मान वाकडी करून पाहिलं. बाकी सगळ्या पदांची मतं डेमोक्रॅटिक. पण गोल कुठेच काळा केलेला नाही. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणी बरोबरची खूण, खाली लहानसा बाक देऊन वर लांब शेपूट नेलेली. अख्ख्या गावाने लहानपणी वहीत ह्या खुणेची वाट बघितली होती. एल्विनने तर फार क्वचित मिळवली होती. जिनेटची खूण. आणि गव्हर्नरच्या रकान्यात ती मर्ल स्टॅनार्डच्या नावापुढे होती.

एल्विनने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"स्टॅनार्ड," तो खालच्या आवाजात म्हणाला.

लुसीलने रेघ मारली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

साडेआठला आकडे वाचून दाखवले. स्टॅनार्ड चौऱ्याण्णव, जिनेट त्र्याण्णव. भिंतीला टेकून उभी असलेली जिनेट कोट घालून घरी गेली. राज्यात स्टॅनार्ड कधीच जिंकला होता, त्याचं कुणाला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुसील बीन्सचं भांडं घेऊन बहिणीकडे गेली. जिनेट कालच्याच कपड्यांत स्वयंपाकघरात बसली होती.

"एक मत," ती म्हणाली. "एकाने जरी इकडे टाकलं असतं तरी गाव माझं होतं. कोण असेल गं?"

"चौऱ्याण्णव जण होते. त्यातलं कुणीही."

"तू होतीस का?" जिनेटने एकदम विचारलं. "लोक बोलतात तुझ्याबद्दल. मला माहीत आहे. सांग, तू होतीस ना?"

लुसीलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बया स्वतः त्याला मत देते आणि उलट मलाच विचारते? इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिच्यासाठी मी मन मारलं, गावभर डोनट गिळले, आणि चोर मी? शब्द जिभेवर आले होते. पण एक तर शपथ होती. आणि दुसरं म्हणजे जिनेटचे डोळे. सुजलेले, लाल, आणि उत्तराची अशी वाट बघणारे की लुसीलला ते बघवेना. हिला मी हो म्हणायला हवंय, तिच्या लक्षात आलं. नाहीतर ही जन्मभर स्वतःलाच कुरतडत बसेल.

"हो," लुसील म्हणाली. "मीच ती."

जिनेट रागावली नाही.

"का दिलंस?" तिने हळूच विचारलं. "खरं सांग."

कारण शोधायला लुसीलला लांब जावं लागलं नाही. तिन्ही वेळचं एकच होतं.

"रेच्या अंत्यविधीनंतर सगळे गेले, तेव्हा मर्ल चर्चच्या तळघरात बाह्या वर करून कपबश्या विसळत होता. ना फोटोवाला, ना कुणी बघायला. तू राहू दे म्हणालीस, तर म्हणाला, घरी जाऊन तरी मी काय करणार आहे. पेन हातात घेतलं की मला ते आठवतं. मग हात दुसरीकडे वळतच नाही."

जिनेट पुढे वाकली.

"मग त्यात तू काय वाईट केलंस?"

"काही नाही."

"बहीण उभी असली तरी?"

"तरीसुद्धा. कुणीही उभं असलं तरी."

"जा," जिनेट डोळे पुसत म्हणाली. "माफ केलं तुला."

"उपकार झाले," लुसील म्हणाली. आयुष्यात इतकी कडू माफी तिने कधी गिळली नव्हती. ती गिळून तिने खुर्ची पुढे ओढली, आणि हुंदके देणाऱ्या बहिणीचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.