दाजींच्या डोक्याची तपासणी

अठरा वर्षं ज्या माणसाने बायकोला माहेरचं तोंड पाहू दिलं नाही, तोच परवा चहाचा घोट घेत म्हणाला, "अगं, ठाकुर्लीला उत्तमकडे जाऊन येऊ. बरेच दिवस झाले." कांताबाईंच्या हातातून गाळणीच पडली.

भांडण काय साधंसुधं होतं? लेकीच्या, वैशालीच्या हळदीला मटण कमी पडलं, तेव्हा कांताबाईंचा भाऊ उत्तम भर मांडवात ओरडला होता, "दाजी, बकरा कापला की कोंबडी?" अख्खं वर्तकनगर हसलं. त्या दिवसापासून चांगदेवरावांना मेहुण्याचं नावसुद्धा चालत नव्हतं.

मुलगा महेंद्र घाबरला. "बाबा ते भांडण विसरले म्हणजे नक्की डोक्यात लोचा आहे," म्हणत त्याने दोघांना ठाण्यातल्या एका इस्पितळात नेलं. तिथे म्हातारपणच्या विसराळूपणावर संशोधन चालू होतं. कांताबाईंचा जीव टांगणीला लागला. रोग नकोच, पण औषधाने भांडण परत आठवलं तर भाऊ पुन्हा गेला की हातचा!

रुचिता नावाच्या पोरीने तासभर चांगदेवरावांची परीक्षा घेतली. मग कांताबाईंना एकटीला आत बोलावून फॉर्म काढला.

"आजी, दहा वर्षांपूर्वीपेक्षा आजोबा वस्तू कुठे ठेवल्या ते जास्त विसरतात?"

"ठेवतात कुठे? टाकतात. ठेवते मी."

"घरकामातला रस कमी झालाय?"

"असेल तर कमी होईल ना, बाय!"

"जुन्या गोष्टी विसरतात?"

कांताबाईंनी फॉर्मकडे पाहिलं. आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या असं नाही, पण छापील कागदावर ही पहिलीच वेळ.

"छे! काही विसरत नाहीत."

"हो ना!" रुचिता हसली. "तीसपैकी एकोणतीस मिळाले. जुनी आठवण सांगा म्हटलं, तर कुठल्यातरी हळदीच्या मटणाचं सांगत बसले. किती किलो, कोण काय बोललं, सगळं. वर म्हणाले, चूक माझीच, मटण खरंच कमी आणलेलं."

कांताबाई गारच पडल्या. मेला लबाड! मेहुण्यापुढे वाकायचं नाही, म्हणून विसरल्याचं सोंग! हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

बाहेर महेंद्र बापाच्या मागे लागला होता. "बाबा, मामाशी तुमचं भांडण झालेलं, आठवतं ना?"

"कसलं भांडण?" चांगदेवराव भिंतीवरचं कॅलेंडर बघत म्हणाले.

"गप रे महेंद्र!" कांताबाई कडाडल्या. "विसरलेत ना ते? मग कशाला छळतोस माणसाला? ठाकुर्लीला जायला गाडी बघ."