कड्यावरचं करडू

माझ्या मुलाचा सिनेमा माझ्यामुळे पडला, असं मी चौदा महिने धरून चालले होते. तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण तेवढी अक्कल मला आहे.

मातान तेल अवीवला कार्टूनचा सिनेमा करत होता. चार वर्षं, हातानं चित्रं काढून. गोष्ट आमच्याच गावची. मित्स्पे रामोनला घराबाहेर पडलं की पुढं तो अवाढव्य खड्डा, आणि त्याच्या कड्यावर रानबकरे. ते येऊन माझी कोथिंबीर खातात आणि वर माझ्याकडेच रागानं बघतात. सिनेमात त्यातलं एक करडू घसरून अरुंद कपारीवर अडकतं. वर चढता येत नाही, खाली उतरता येत नाही. वरून त्याची म्हातारी आजी ओरडते. त्या बकरीला आवाज माझा.

सुटीवर आला होता तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. त्यानं माईक माझ्यासमोर धरला. "आई, मी लहानपणी कड्याजवळ गेलो की तू ओरडायचीस ना, तसं ओरड." मी ओरडले, "हलू नको मेल्या! तिथंच थांब, मी येते!" मला वाटलं, पुढं कुणी नटी हिब्रूत म्हणेल. त्यानं तेच ठेवलं, मराठीत, मेल्यासकट.

नवसही मीच केला. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून इथं आलेले ज्यू लोक, काही मागायचं झालं तर एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताकडे मागतो, आणि मिळालं की मलिदा करतो: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. मी म्हटलं, "माझ्या पोराचा सिनेमा थेटरात लागू दे." लागू दे म्हटलं, चालू दे म्हणायचं राहिलं. हन्नाबीनं शब्द पाळला. सिनेमा लागला आणि आठव्या दिवशी उतरला. नवस फेडणं भाग होतं. लोक आले, मयताला आल्यासारखे बसले, मलिदा खाऊन गेले.

पेपरात आलं, की म्हातारी बकरी कुठल्या भाषेत बोलते ते कुणाला कळत नाही. माझ्या नवऱ्यानं, आयझॅकनं, तो पेपर गादीखाली लपवला. गादी झाडते कोण? मीच. सिनेमा मी थेटरात पाहिला होता, पण स्वतःचा आवाज ऐकून लाजेनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. शेवटी काय झालं तेही पाहिलं नाही.

मग सिनेमा काढणारी कंपनी बंद पडली. मातान घरी आला आणि आपल्या जुन्या खोलीत शिरला तो शिरलाच. आम्ही दोघं कामावर गेलो की बाहेर यायचा, जेवायचा, ताट घासून ठेवायचा. आमची चाहूल लागली की दार बंद. मी दारासमोर उभी राहून बोलायचे, तेही हिब्रूत. माझं हिब्रू दवाखान्यापुरतं आणि भाजीपुरतं. पण मराठीनं पोराचं वाटोळं केलं, आता ती कुठल्या तोंडानं बोलू? "मातान, जेवण." "मातान, थंडी." असली दोन शब्दांची आई झाले होते मी. तो दाराच्या आत अडकला होता आणि मी बाहेर.

यंदा झाडांच्या सणाला, म्हणजे तू बिश्वातला, माझी भाची सपीर हिच्या घरी किर्यात मलाखीला मलिदा होता. सपीर बालवाडीत शिकवते. मी खोबरं खवत होते. तिची पाच वर्षांची यार्देन खजुरासाठी खुर्चीवर चढली आणि खुर्ची डगमगली. मी खवणीवरूनच ओरडले, "हलू नको मेले! तिथंच थांब, मी येते!"

यार्देन खरंच हलली नाही. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. मग हिब्रूत किंचाळली, "बकरीआजी आलीये! खरी!"

अंगणातली पाच-सहा पोरं आत घुसली. कुणी रशियन, कुणी इथिओपियाचं, मराठीशी कुणाच्या सात पिढ्यांचा संबंध नाही. सगळी एका सुरात ओरडली, "हलू नको मेल्या! तिथंच थांब, मी येते!"

"मावशी, तुला खरंच माहीत नाही?" सपीर म्हणाली. "दुकानात कॅसेटी मातीमोलानं विकत होते. बालवाडीला एक आणली, ती झिजली. आता तिसरी चालू आहे. नेतिवोतला माझी मैत्रीण शिकवते, तिच्याकडेही हेच. कुणी झाडावर अडकलं की पोरं हेच ओरडतात."

मी रडले. खोबऱ्याच्या हातांनीच डोळे पुसले. यार्देननं माझा झगा ओढला. "पण आजी, मग तू गेलीस का करडाला आणायला?"

मी उरलेलं खोबरं भराभरा खवलं.

मलिदा होताच आयझॅकला पंगतीतून उठवलं, मलिद्याचा डबा मांडीवर घेतला आणि मिळेल ती बस पकडली. घरी आल्या आल्या दारासमोर उभी राहिले आणि चौदा महिन्यांची मराठी एकदम सोडली. कॅसेटी, पोरं, बालवाडी, सगळं. "चालला रे तुझा सिनेमा! पोरांत चालला!"

आतून तो हिब्रूत म्हणाला, "माहीत आहे, ईमा. मला पोरांची पत्रं येतात. तुम्ही कामावर गेलात की पेटीतून मीच काढतो. खोकंभर झालीत."

"मग आत का बसलायस?"

"सगळी एकच विचारतात, करडू खाली कसं आलं." आता तो मराठीत बोलत होता. "मला माहीत नाही, आई. कंपनीला घाई होती, शेवट न करताच सिनेमा सोडला. मी रोज शेवटाचं चित्र काढून बघतो. रोज ते पडतं. तू 'मी येते' म्हणालीस आणि मी तुला पाठवलंच नाही. ते अजून तिथंच आहे."

म्हणजे माझ्या मराठीचा दोष नव्हताच. दोष होता तो वेगळाच. 'मी येते' म्हणणारी बाई चौदा महिने हातात ताट धरून दाराबाहेर उभी होती. माझी मलाच लाज वाटली.

"हलू नको," मी म्हटलं आणि दार ढकललं. आतून कडी असेल असं मी धरूनच चालले होते. कडी नव्हतीच.

आत भिंतभर करडं, सगळी त्याच कपारीवर. मातान जमिनीवर बसला होता, दाढी वाढलेली, हाडं वर आलेली. तो उठला नाही. मी कागद बाजूला सारून त्याच्याशेजारी बसले, गुडघे कुरकुरले. मलिद्याचा डबा मध्ये ठेवला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, एक कोरा कागद ओढला आणि कपारीवर करडाला खेटून म्हातारी बकरी काढली. जागा कशीबशी पुरली.

"आता दोघं अडकली," तो म्हणाला.

"अडकू देत," मी म्हटलं. "तू आधी खा."