मोठ्यानं बोला

सोलापुरात गुरुलिंगअप्पांच्या चादरीच्या कारखान्यात त्या दिवशी माग बंद होते. आपल्या गल्लीतल्या रुद्राणीनं आभाळात दुर्बीण सोडली, मग तिचा सत्कार नको? आणीबाणी नुकतीच उठली होती आणि माणसांची सभा भरवायची हौस काही केल्या फिटत नव्हती. अप्पांनी अर्धी पेठ गोळा केली होती. मंगळवेढ्याहून एसटीनं सारजाबाईही आली होती. तिचा रामहरी बंगलोरला रुद्राणीच्याच हाताखाली कामाला. "माज्या पोराचा बी हात लागलाय की त्याला," असं ती भेटेल त्याला सांगत होती.

रुद्राणी खाली मान घालून बसली होती. लोक म्हणाले, काय विनय! विनय कसला डोंबलाचा, पोरीला तोंड वर करायची लाज वाटत होती.

उपग्रहावर बसवलेली ही दुर्बीण ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण मोजायची. वायू भरलेली पेटी, तिला कागदाहून पातळ खिडकी आणि आत केसासारख्या तारा. वर गेल्यावर यंत्रात अडकलेली हवा पुरती निघून जाईपर्यंत तारांना विजेचा मोठा दाब द्यायचा नाही, नाहीतर ठिणगी उडते. हा नियम रुद्राणीनंच सगळ्यांना पढवला होता. पण सत्काराची तारीख ठरली होती, आणि 'दुर्बीण बघायला लागली' असं तिला सोलापुरात छाती फुगवून सांगायचं होतं. बंगलोरला पाळीवर एकटी असताना तिनं जमिनीवरून हुकूम धाडून दाब देऊन पाहिला. आकडे भलतेच उसळले, तशी घाबरून तिनं लगेच बंद केला आणि कुणाजवळ ब्र काढला नाही. पुढं ठरल्या वेळी सगळ्यांसमोर दाब दिला, तर अर्धी दुर्बीण मुकी.

अप्पांनी तिच्या खांद्यावर नवीकोरी चादर घातली, टाळ्या पडल्या, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन खणखणला. बंगलोरचा ट्रंक कॉल! पलीकडे तिचे साहेब, सबनीस. सगळी सभा कौतुकानं गप्प झाली.

"वायू गळतोय!" सबनीस तिच्या कानात सांगत होते. "त्या रामहरीनं खिडकी नीट चिकटवलेली नाही. आजच त्याला कामावरून काढतोय. तुमचं काय मत?"

सुटायला एक वाक्य पुरे होतं.

"हो सर, रामहरीचीच चूक असेल," ती पुटपुटली.

"काय? ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला!"

तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर सारजाबाईवर गेली. म्हातारी टेबलाला टेकूनच बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. तिच्यासमोर हेच वाक्य ओरडून म्हणायचं? पेटीत खुणेसाठी एक किरणोत्सारी ठिपका ठेवलेला असतो. वायू गळाला तर त्याचा आकडा घसरतो. रुद्राणीनं त्याऐवजी तेच विचारलं.

"सर, खुणेचा आकडा घसरलाय का?"

"नाही! जागच्या जागी आहे!"

"मग वायू गळालेला नाही! खिडकी धड आहे! तारा जळाल्यात!"

"तारा कशानं जळतील?"

"हवा निघून जायच्या आधीच दाब दिला होता!"

"कोणी? मोठ्यानं बोला!"

"मी!" रुद्राणी जिवाच्या आकांतानं ओरडली. "मी जाळल्या, सर! रामहरीनं नाही!"

फोन कट झाला. सबनिसांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण कारखान्यात मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. अप्पा हातात नारळ घेऊन उभे होते. तो द्यावा की ठेवावा, त्यांना कळेना. रुद्राणीनं खांद्यावरची चादर काढली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली. तिचे कान तापले होते. तरी मनात कुठंतरी आशा होती, खोटं कशाला बोला, की खरं बोलल्याबद्दल निदान एकजण तरी बरं म्हणेल.

ती सारजाबाईजवळ वाकली. "मावशी, रामहरीची नोकरी जाऊ देणार नाही मी."

"लई बरं झालं," सारजाबाई पिशवी उचलून उठली. मग दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज अगदी बारीक केला. "पन ताई, पयल्यांदा तुमी काय म्हनलासा, त्ये सायबाला ऐकू गेलं न्हाय. मला आलं."