तांबड्या भाताचं बी

दिवाळीनंतर घरात होतं ते असं: खायचं भात दोन कणग्या, नाचणी तीन पोती, वरई अर्धं पोतं, सरपणाच्या मोळ्या चौतीस, गोवऱ्या साडेतीनशेच्या आसपास, मीठ पाच किलो. आणि बियाण्याचं तांबडं भात, वजन करून, अठरा किलो चारशे ग्रॅम.

दरवर्षी ही बेगमी आई करायची. ती श्रावणात गेली. वेल्ह्याच्या वर आमच्या वाडीला एसटी येत नाही, बाजार पायी दोन तासांवर. थंडीआधी जे भरलं त्यावरच शिमगा गाठायचा. यंदा ते वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आणि मी भरलं.

तांबडं भात आईनं लग्नात माहेराहून ओटीत आणलेलं. वाडीत आता सगळे विकतच्या पिशवीतलं बी पेरतात. मामाकडे विचारलं, तिथेही ते उरलेलं नाही.

आई बी पंधरा दिवस उन्हात घालायची, मग राख आणि निरगुडीचा पाला मिसळून विणलेल्या बांबूच्या कणगीत ठेवायची. गेल्या वर्षी त्यात दाणे पोखरणारे टोके पडले होते. म्हणून मी नसरापूरहून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम आणला. हवा नाही तर कीड नाही, असं अण्णांना समजावून सांगितलं.

बी चार दिवस वाळलं होतं. शेजारी राहणाऱ्या मंगलआत्यानं दोन दाणे दाताखाली धरले.

"कट्ट वाजत न्हाई अजून. रातच्या दहिवरानं रोज दमट हुतंय. आठ दिस आजून ऊन दे गं."

"सोमवारी मला पुण्यात कामावर हजर व्हायचंय, आत्या."

"मग तू जा की. ऊन काय तुज्याबरूबर पुण्याला चाललंय व्हय?"

अण्णा हसले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे मंगल. शिकल्याली हाय ती, तिला कळतंय."

ड्रम मला माझ्या हातानं बंद करायचा होता. मी झाकण आवळलं.

फाल्गुनात परत आले. झाकण काढलं तर त्याच्या आतून पाण्याचे थेंब ओघळले. आंबूस वास आला. दाणे एकमेकांना चिकटले होते. कणगीला फटी असतात हे मला माहीत होतं. त्या कशासाठी, हे मी आईला कधी विचारलं नव्हतं.

अण्णांनी मूठभर बी नाकाशी नेलं आणि हळूच परत ड्रममध्ये सोडलं.

"समदंच गेलं आसंल का?"

"बघावं लागेल."

"बघ की. तुज्या रीतीनं बघ."

आत्या दारात उभी होती.

वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरातले मिळून शंभर दाणे घेतले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, गुंडाळी करून चुलीच्या उबेला ठेवली. रोज मी उठायच्या आत अण्णांनी तिच्यावर पाणी शिंपडलेलं असायचं.

दहाव्या दिवशी आम्ही गोणपाट उलगडलं. अण्णांनी बोट ठेवून एकेक ओळ मोजली, मी वहीत लिहिलं.

उगवलेले दाणे: शंभरात तीन.