अशी बाई इथं राहत नाही

कुट्टीवालीनं हातातलं पत्र जावेच्या पुढ्यात आपटलं, तेव्हा जाऊ गोठा झाडत होती.

"वाच! मोठ्यानं वाच, म्हशींनाही कळू दे!"

जावेनं खराटा बाजूला ठेवला आणि अडखळत वाचलं, "सदर पत्त्यावर चौकशी केली असता अर्जदार या नावाची कोणतीही व्यक्ती तेथे राहत नसल्याचे आढळून आले. सबब अर्ज नामंजूर." तिनं मान वर केली. "म्हणजे गं काय?"

"म्हणजे मी नाही! या घरात नाही, या गावात नाही. वीस वर्षं तुझ्याशी भांडतेय ती कोण, हवा?"

गंमत अशी, की ते पत्र पोस्टमननं अचूक तिच्याच हातात आणून दिलं होतं. वर सहीसुद्धा घेतली होती.

जावेचा चेहरा मात्र पडला. मंगळवारी बूट घातलेला एक माणूस बॅग घेऊन आला होता, ते तिला आठवलं. त्यानं आधी चहाच्या टपरीवर कुट्टीवालीचं कागदावरचं नाव घेऊन विचारलं. टपरीवाला खरोखरच म्हणाला, की असं कुणी नाही. त्याचा तरी काय दोष? सगळं गाव तिला कुट्टीवाली म्हणून ओळखतं. वैरण बारीक तोडायचं यंत्र गावात तिचं एकटीचं, त्यामुळं ज्याच्या दावणीला जनावर आहे तो तिच्या छपरात पेंढ्या घेऊन येतो, पण तिचं नाव विचारायची वेळ कुणावर कधी आली नव्हती.

"टपरीवाल्याचं सोड," कुट्टीवाली म्हणाली. "तुला तर माझं नाव माहीत आहे!"

"माहीत आहे म्हणूनच नाही म्हणलं! बॅग, वही, कपाळाला आठ्या. मला वाटलं वसुलीवाला. मागच्या साली लोहाराच्या घरी असाच आला, तो बुटासकट पार चुलीपर्यंत गेला. मी म्हणलं, माझ्या जावेच्या दारात याला पाय ठेवू देणार नाही. चांगली खराटा घेऊन आडवी उभी राहिले."

"अगं, कर्ज मिळालंच नव्हतं अजून! वसुली कशाची करणार होता तो?"

"ते मला काय ठाऊक? अर्ज केलास हे मला सांगितलंस का?"

कुट्टीवाली पत्राची घडी घालायला लागली. नव्हतं सांगितलं. लाज वाटली होती, दुसरं काय!

यंत्राची मोटर जळली तेव्हा दुरुस्तीवाल्यानं साडेतीन हजार सांगितले होते. तेवढे तिच्याकडं होते. नवी तार गुंडाळून मोटर भरून आली असती आणि तिसऱ्या दिवशी पातं फिरलं असतं. पण नेमका त्याच दिवशी बाजारात कर्जाच्या ऑफिसातला टायवाला भेटला. गळ्यात टाय, तोंडात साखर. मावशी, जुन्या मोटरीला किती दिवस ठिगळं लावणार? नवं मोठं यंत्र घ्या. विनातारण कर्ज. जमीन नको, दागिना नको, जामीनदार नको. तिनं विचारलं होतं, की तारण नाही तर भरवसा कशावर ठेवता? तो हसून म्हणाला होता, "तुमच्या नावावर, मावशी!" आणि त्या नावाखाली आठ ठिकाणी सह्या घेऊन तिचे साडेतीन हजार फाइलचा खर्च म्हणून, पावती फाडून, घेऊन गेला होता.

आता यंत्र नाही, कर्ज नाही आणि मोटर भरायचे पैसेही नाहीत. अकरा दिवस ती विळ्यानं वैरण तोडत होती. तळहाताची, बोटांची साल निघाली होती. चार घरांपुरतं कसंबसं व्हायचं. बाकीचे लोक फाटकापाशी थोडे घुटमळून शेजारगावच्या यंत्राकडं जायला लागले होते. एकदा लागलेली वाट माणूस सहसा बदलत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आणखी आठ दिवस असे गेले असते, तर तिच्या छपरात कोंबड्या बसल्या असत्या.

"मी येऊ का बरोबर?" जावेनं विचारलं.

"नको. तू दार सांभाळ. आणि माझ्याबद्दल कुणी विचारलं तर आहे म्हण!"

कर्जाच्या ऑफिसात गारवा होता आणि काचेच्या टेबलामागं साहेब होता. समोरच्या बाकावर सहा-सात माणसं अर्ज मांडीवर घेऊन बसली होती. टायवाला तिला पाहताच पाण्याचा ग्लास घेऊन आतल्या खोलीत सटकला.

कुट्टीवालीनं पत्र टेबलावर ठेवलं. "साडेतीन हजार परत द्या."

साहेबानं पत्र वाचलं. "फाइलचा खर्च परत मिळत नाही, ताई. अर्ज मंजूर होवो की नामंजूर. मागच्या पानावर लिहिलेलं आहे."

"तुमच्या माणसानं मागचं पान दाखवलं नाही."

"सही तुमची आहे ना?"

बाकावरची माणसं ऐकत होती. कुट्टीवालीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज चढवला की हे लोक बाई भांडखोर म्हणून बाहेर काढतात, हेही तिला कळत होतं. तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

"बरं साहेब, मला एवढंच सांगा. या पत्रात लिहिलेलं खरं की खोटं?"

"खरंच की. आमच्या माणसानं जाऊन चौकशी केली आहे."

"म्हणजे ही बाई नाही."

"रेकॉर्डप्रमाणं नाही."

"मग जी बाई नाही, तिची सही कुठून आली? जी नाही तिनं पैसे कसे दिले? आणि तुम्ही ते घेतले कसे?"

साहेबानं पत्र पुन्हा हातात घेतलं. बाकावरचा एक म्हातारा फिसकन हसला.

"तसं नसतं ताई. ही नुसती पद्धत आहे लिहायची."

"मग लिहा की खोटं आहे! मी आहे म्हणून लिहा, माणूस परत पाठवा, चौकशी करा. एक काय ते धरा. मी असेन तर तुमचं पत्र खोटं, आणि नसेन तर तुमची पावती खोटी. मला घाई नाही. माझी मोटर बंद आहे, मी संध्याकाळपर्यंत बसते. या लोकांनाही हिशेब समजावून सांगते."

साहेबानं बाकाकडं पाहिलं. दोघं आधीच उठून जवळ आले होते. त्यानं आतल्या खोलीकडं तोंड करून टायवाल्याला हाक मारली, हळू आवाजात त्याला धारेवर धरलं, आणि थोड्या वेळानं पैसे टेबलावर आले. कुट्टीवालीनं ते मोजले, पुन्हा मोजले. मग पदराच्या गाठीत बांधले.

"हवं तर पुन्हा अर्ज करा," साहेब म्हणाला. "मी स्वतः लक्ष घालतो."

"नको. माझी जुनी मोटर बरी. ती बिघडते, पण फसवत नाही."

"बरं. मग पैसे मिळाल्याची सही करा इथं." त्यानं छापील कागद पुढं सरकवून बोट ठेवलं. "इथं, फुलीपाशी."

कुट्टीवालीनं पेन घेतलं नाही. कागद हातात घेतला आणि ओळीखाली सोललेलं बोट ठेवून पहिल्या शब्दापासून वाचायला लागली, मोठ्यानं, एकेक अक्षर लावत. साहेबानं घड्याळ पाहिलं. ती वाचतच राहिली. पान संपल्यावर तिनं ते उलटलं.

"हे मागचं लई बारीक आहे," ती म्हणाली. "हे तुम्ही वाचून दाखवा."

साहेब चष्मा शोधायला लागला. बाकावरच्या म्हाताऱ्यानं आपल्या मांडीवरचा अर्ज उलटा केला. शेजारच्या बाईनंही केला, आणि मग सगळ्यांनीच.