लाल गाडीखालचा पाट

मी एक जुना सागवानी पाट आहे, मित्रांनो, आणि सध्याचा माझा पत्ता म्हणजे एका लाल स्पोर्ट्स कारची डिकी, सालमिया, कुवेत. पाट जेवायला बसण्यासाठी असतो, हे तुम्हाला घरच्यांनी सांगितलं असेल. माझ्यावर माणूस बसून आता कित्येक आठवडे झाले. माझ्यावर चाक चढतं.

माझा जन्म नाशिकचा. काशिनाथ सुतारांनी एकाच फळीतून आम्हाला दोघांना काढलं. रंधा आधी मारला तो दादा, नंतर मारला तो मी. चार कोपऱ्यांना चार पितळी फुलं, खाली दोन आडव्या पट्ट्या, उंची तीन बोटं. सुरेशराव आणि शर्मिलाबाईंच्या लग्नासाठी आमची जोडी केली होती. सुरेशराव बघायला आले तेव्हा काशिनाथांनी आमच्यावर उड्या मारून दाखवल्या आणि म्हणाले, "साहेब, हत्ती बसला तरी मोडायचा नाही!"

मी केवढा फुगलो होतो त्या दिवशी! कौतुक कसलं, ती शिक्षा होती. फक्त अंमलबजावणीला तीस वर्षं लागली.

लग्नानंतर सुरेशरावांना कुवेतला पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात नोकरी लागली. शर्मिलाबाईंनी आम्हाला बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये घालून आणलं. विमानतळावर कस्टमच्या माणसाने बॅग उघडली, दादाला बाहेर काढलं आणि विचारलं, "शिनू हाज़ा?" म्हणजे, हे काय आहे? शर्मिलाबाईंना अरबीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी दादाला सरळ फरशीवर ठेवलं, त्याच्यावर मांडी घातली आणि हवेतला वरणभात कालवून खाऊन दाखवला. मागची सगळी रांग थांबून बघत होती. तो माणूस हसत सुटला आणि म्हणाला, "यल्ला, यल्ला!" म्हणजे, जा बाई आता.

सालमियातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आमचे चांगले दिवस गेले. नीरजाचं उष्टावण माझ्यावर झालं. पहिला घास तिने थुंकला तोही माझ्यावरच. तिचे वाढदिवस, औक्षणं, सगळ्याला आम्ही दोघं. मग हळूहळू मोठ्यांचे गुडघे बोलायला लागले. डायनिंग टेबल आलं. एक दिवस शर्मिलाबाईंनी आम्हाला जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं आणि साडीवरूनच थोपटून म्हणाल्या, "आता नीरूच्या केळवणाला खाली उतरा. मग तिच्याबरोबर तिच्या घरी जा."

केळवण म्हणजे लग्नाआधी मुलीला आणि होणाऱ्या जावयाला शेजारी शेजारी पाटावर बसवून प्रेमाने घातलेलं जेवण. मित्रांनो, त्या एका जेवणासाठी आम्ही दोघं माळ्यावर अंधारात सात वर्षं वाट बघितली. दुसरं काही मागणं नव्हतं आमचं.

आणि मग गाडी आली.

सुरेशरावांचं वय चौपन्न. कॉलेजपासून त्यांना लाल स्पोर्ट्स कार हवी होती. मिळाली तीही जुनीच, दोन दारांची, दोनच माणसांची. बसताना माणसाची घडी घालावी लागे आणि उतरताना कुणीतरी हात द्यावा लागे. सगळं ठीक होतं, पण तिचं नाक पुढून रस्त्यापासून फक्त चार बोटं वर. आणि सालमियातल्या गल्ल्यांत स्पीडब्रेकर असे, की उंटानेसुद्धा जपून जावं.

पहिल्याच दिवशी घराबाहेर पडताना गाडीने 'खर्रर्र' असा आवाज काढला. सुरेशराव तिला घेऊन अर्दियाला मुस्तफाभाईंच्या गॅरेजात गेले. मुस्तफाभाई रत्नागिरीचे. पुढच्या खालच्या प्लास्टिकला ते गाडीची हनुवटी म्हणत. दोन महिन्यांत ती हनुवटी पाच वेळा फुटली.

"काय सुरेशभाय, परत तोंड फोडून आणलंत काय हिचं?"

"अहो, अगदी हळू घेतली होती. चालणारी माणसं पुढे गेली माझ्या."

"गाडी तरी विका, नायतर सालमिया तरी विका. दोघांचं जमायचं नाय."

"चेष्टा नको मुस्तफाभाई. उपाय सांगा."

"उपाय काय? स्पीडब्रेकरच्या आधी चाकांखाली दोन फळ्या टाका. नाक वर जाईल, मग पुढं घ्या. पण फळी दणकट हवी हां. साधी घेतलीत तर चुरा होईल."

सुरेशरावांच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काशिनाथ सुतार उड्या मारायला लागले असणार. हत्ती बसला तरी मोडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी शर्मिलाबाई भाजी आणायला गेल्या आणि सुरेशराव स्टूल घेऊन माळ्याशी आले. आम्हाला वाटलं, आला आमचा दिवस! दादा तर म्हणालासुद्धा, "नीरूचं ठरलं बहुतेक." सुरेशरावांनी आम्हाला बाहेर काढलं, साडीत पिझ्झ्याचे दोन रिकामे खोके गुंडाळले, गाठ होती तशी मारली आणि गठडी जागेवर ठेवली. इंजिनियर माणूस, सगळं कसं मापात.

तेव्हापासून आम्ही डिकीत.

सुरेशरावांची कामाची पद्धत सांगतो. कारखान्यात शिकले होते, सेफ्टी फर्स्ट. म्हणून प्रत्येक स्पीडब्रेकरपाशी ते गाडी थांबवत, कुणाच्या तरी आधाराने बाहेर येत, चकाकणारं पिवळं जाकीट घालत आणि मागे एक नारिंगी शंकू ठेवत. मग स्वयंपाकघरातून आणलेले ओव्हनचे फुलाफुलांचे हातमोजे. कारण जुलैत आमची पितळी फुलं इतकी तापत, की बोटावर फूल उठावं. मग दादा डाव्या चाकापुढे, मी उजव्या. गाडी आमच्या छातीवरून वर. पुन्हा उतरा, आम्हाला गोळा करा, शंकू आणा, जाकीट काढा. पुढचा स्पीडब्रेकर ऐंशी पावलांवर.

एकदा पिवळं जाकीट आणि शंकू बघून मागच्या लोकांना वाटलं, सरकारी खोदकाम निघालंय. अख्खी गल्ली वळून दुसऱ्या रस्त्याने गेली. एक कुवेती आजोबा मात्र आपल्या उंच जीपमधून खाली उतरले, मला पायाने हलवलं आणि म्हणाले, "शिनू हाज़ा?"

तोच प्रश्न, मित्रांनो. पण या वेळी माझ्यावर मांडी घालून दाखवणारं कुणी नव्हतं. सुरेशराव हातमोजे हलवत म्हणाले, "स्पोर्ट्स! स्पोर्ट्स!"

आजोबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. आजाऱ्यासाठी करतात तशी दुआ असावी.

आणि अशातच नीरजाचं खरंच ठरलं. मुलगा नचिकेत, अबूधाबीला नोकरीला. शुक्रवारी सकाळी तो कुवेतला येणार, दुपारी घरी केळवण. डिकीत आम्हाला सुरेशरावांचं स्पीकरफोनवरचं बोलणं ऐकू यायचं. शर्मिलाबाई विचारत होत्या, "अहो, पाट शुक्रवारी काढू ना माळ्यावरून?" आणि सुरेशराव म्हणत होते, "मी काढतो गं. तू हात लावू नकोस, जड आहेत."

त्यांचा बेत असा, की नचिकेतला घेऊन यायचं, आम्हाला गुपचूप धुवायचं आणि खोक्यांच्या जागी ठेवायचं. बेत वाईट नव्हता. फक्त परत येतानाचे शेवटचे दोन स्पीडब्रेकर राहिले होते. दादाच्या पोटाला तडा गेलेला होता. तो मला म्हणाला, "दोनच रे. दोन झाले की आंघोळ, रांगोळी आणि नीरू."

विमानतळावर नचिकेत दोन मोठ्या बॅगा घेऊन आला. एक डिकीत आमच्या उरावर बसवली, दुसरी त्याच्या मांडीवर. गाडी एवढी दबली, की चार बोटांची अडीच झाली. पहिला स्पीडब्रेकर पार पडला. दुसरा आमच्याच बिल्डिंगच्या दारात. नचिकेत गुणी मुलगा, बॅग बाजूला सारून मदतीला उतरला.

"काका, रॅम्प्स भारी आहेत तुमचे! कुठून मागवले?"

"नाशिकहून," सुरेशराव म्हणाले. खोटं तरी कुठे होतं?

नचिकेतने स्वतःच्या हाताने आम्हाला चाकांपुढे मांडलं. ज्याने आमच्यावर बसायचं, त्यानेच. गाडी पुढे आली. माझ्यावर चढली. दादावर चढली.

कड्.

एवढाच आवाज. दादाचे दोन तुकडे झाले, पितळी फूल उडून गाडीच्या हनुवटीवर बसलं आणि हनुवटी सहाव्यांदा फुटली.

सुरेशरावांनी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत शर्मिलाबाई उभ्या होत्या. उशीर होतोय म्हणून त्यांनी गठडी स्वतःच सोडली होती. दोन्ही हातांत पिझ्झ्याचे दोन खोके होते.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "ते काय आहे हो गाडीखाली?"

"काही नाही गं! तू आत जा, ऊन आहे!"

"काकू, नमस्कार!" नचिकेत खालून ओरडला. "काकांचा एक रॅम्प तुटला बघा!"

शर्मिलाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. मला वर नेलं, लिंबाने घासलं, चिंचेने घासलं. पितळ चमकलं, पण चाकाची काळी नक्षी लाकडात मुरली होती. सुरेशराव मागे मागे. "अगं, दुसरा मुस्तफाकडून वेल्ड करून आणतो."

"लाकूड वेल्ड करणार?"

"नाही म्हणजे... पट्टी मारून..."

"जोडी होती ती," शर्मिलाबाई म्हणाल्या आणि पुन्हा घासायला लागल्या.

नीरजा म्हणाली, "ममा, इट्स ओके, चेअर्सवर बसू ना आम्ही." पण पाहुणे आले होते, रांगोळी काढून झाली होती. नीरजाला माझ्यावर बसवलं. सात वर्षांनी! तीच नीरू, पैठणी नेसून. मला खूप आनंद व्हायला हवा होता. पण शेजारी रांगोळीच्या चौकटीत दादा नव्हता. तिथे पिझ्झ्याचे दोन खोके एकावर एक ठेवून वर शाल घातली होती आणि त्यांच्यावर नवरदेव.

पहिल्या पुरणपोळीला खोके 'फुस्स' झाले. दुसऱ्या पोळीला नवरदेव चार बोटांवर आला, आमटीनंतर अडीच. बासुंदीपर्यंत तो फरशीला टेकला. फोटोत फक्त त्याचा फेटा आणि ताटाची कड आली. कुणी हसलं नाही. नीरजा उठली तेव्हा पैठणीवर मागून चाकाची काळी नक्षी उमटली होती, अगदी ठसठशीत. टायर कुठल्या रस्त्यावर चालेल आणि कुठल्या नाही, तेही त्यावरून वाचता आलं असतं.

नीरजा आता अबूधाबीला असते. निघताना तिने मला हातात घेतलं होतं. म्हणाली, "एकच आहे ना ममा? मग राहू दे."

सुरेशराव त्यानंतर महिनाभर टॅक्सीने कामावर गेले.  मग एका रविवारी सकाळी शर्मिलाबाई मला घेऊन स्वतः खाली आल्या. त्यांनी डिकी उघडली, दादाचे तुकडे तिथेच होते, त्यांच्या शेजारी मला ठेवलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "एकट्या पाटाला घरात आता काय काम?"

आता एकाच पाटावर काम चालतं. आधी डावं चाक, मग मला ओढून उजवं. गाडी एका अंगावर कलते आणि आतून सुरेशरावही कलतात. परवा माझ्या पोटातही तडा गेला. बारीक आहे. अजून त्यांना दिसलेला नाही आणि दिसला तरी काय करतील?

मित्रांनो, मोठेपणी गाडी जरूर घ्या. घेण्याआधी आपल्या दारातला स्पीडब्रेकर बोटांनी मोजा. आणि घरात जे कुणी मुकाट्याने भार सोसत असेल, लाकूड असो की माणूस, त्याचं कौतुक जरा बेताने करा. तुम्हाला कुणी म्हणालं, की याच्यावर हत्ती बसला तरी हा मोडायचा नाही, तर फुगू नका. तिथल्या तिथे सांगून टाका, की मी मोडतो. मी सांगितलं नाही. दादानेही सांगितलं नाही.

थांबा, गाडी थांबली. जाकिटाची चेन लागली. आता हातमोजे घालतायत.